गोड्या पाण्याची खूण

जन्मात समुद्र पाहिला नाही, पण त्याच्या काठाचा खडा न् खडा ठाऊक, असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता आणि तो माझ्याच पदरात पडला. माझे धाकटे दीर. अकोल्याला भूगोल शिकवायचे आणि जुन्या पुस्तकांतून फ्रेंच-इंग्रज कप्तानांचे नकाशे उतरवायचे. नवा मुलूख दिसला की ते लोक जहाजातूनच किनाऱ्याची रेघ ओढत. धुक्यात दिसला नाही तेवढा कोरा सोडत. फ्रेंचांनी एका खाडीला आपल्या राणीचं नाव दिलं की मागून आलेला इंग्रज ते खोडून आपल्या राजाचं देई. हे सगळं मला, चौथी पास बाईला, भाकरी थापताना ऐकावं लागे. भाकर काठाला फाटली की भाऊजी म्हणत, ‘वयनी, आखात झालं.’ दिवाळीला भिंतीवरच्या ओलीच्या डागांचे किनारे कागदावर उतरल्याशिवाय चुन्याचा हात फिरू देत नसत.

जे पाहिलं नाही ते काढायचं नाही, ही त्यांची शिस्त. माझ्या कुसुमला पूर्णाकाठचं स्थळ आलं. त्या भागातल्या विहिरी खाऱ्या, पण यांची विहीर गोड्या पाण्याची आहे, असा निरोप होता. पाणी सुनेनंच भरायचं असतं, म्हणून घर पाहायला मी भाऊजींना धाडलं. इतर पुरुष जेवून येतात आणि ‘चांगलं आहे’ म्हणतात. हे नकाशा घेऊन आले. ओसरी, गोठा, कडब्याची गंजी, सगळं जागच्या जागी. विहिरीची जागा कोरी.

‘हे काहून सोडलं?’

‘पाणी चाखलं नाई. मांगितलं तं ताक देलं. पुन्हा मांगितलं तं दूध. वयनी, कप्तान किनाऱ्याले लागला का पहिली खूण गोड्या पाण्याची करते.’

घरचे हसले. दोन दिवसांवर सुपारी फुटायची होती. मी भाऊजींना पुन्हा पिटाळलं आणि स्वतः पोहरा ओढायला सांगितलं. संध्याकाळी आले ते असे खुलून, की जणू लग्न त्यांचंच ठरलंय.

‘वयनी, समुद्र लागला.’

तांब्यात आणलेलं त्या विहिरीचं पाणी मीही चाखलं, खारट. गोडं पाणी दीड कोसावर होतं. मी सोयरीक मोडली. कुसुम वरूडला दिली, संत्र्याच्या बागेतली विहीर आधी चाखून.

भाऊजी समुद्र न पाहताच गेले. मागे कुसुमच्या मुलानं मला समुद्रावर नेलं. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. त्या विहिरीपेक्षा पुष्कळ खारट निघालं. हे सांगावं असं माणूस उरलं नव्हतं. थुंकले आणि चपला शोधायला लागले.