अक्कांच्या पाठीवरचा कॅन

आज सकाळी माझी नणंद गेली.

नणंद गेली म्हणून भावजय इतकी रडते? रडते. ज्यांना नवल वाटतंय त्यांना आमच्या अक्का माहीत नव्हत्या.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मालक अपघातात गेले आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर मी नवरी म्हणून आले तेव्हा चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळा कारभार त्यांचा होता.

सुरुवातीला आमचं अजिबात जमलं नाही. माझ्या भाकरीला त्या नकाशा म्हणायच्या. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

मग कधीतरी जमलं. कसं ते आता सांगता येत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ लागली. नगरला तपासणीसाठी तुकडा काढून दिला आणि रिपोर्टची वाट बघत आम्ही घरी आलो. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टीव्हीसुद्धा बंद.

अशात अक्का मला म्हणाल्या, "मंगल, मला पवायला शिकव."

मला वाटलं, टेन्शनमुळे काहीतरी बोलतायत.

"हसू नगं. आमचे भाऊ समदे इहिरीत उड्या मारायचे आन मी काठावर बसून त्यांची कापडं संभाळायचे. पोरीच्या जातीनं पान्यात उतरायचं न्हाई म्हनं. आता कोन हाय मला न्हाई म्हनायला?"

माझं माहेर बेलापूरचं. वडिलांनी मला लहानपणीच प्रवरेत पोहायला शिकवलं होतं. हे मी सासरी कधीतरी तोऱ्यात सांगितलं असेन. अक्कांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं.

नवरा म्हणाला, "अक्का, ह्या वयात? लोक काय म्हनतील?"

"तुजी कापडं मी संभाळली ना? आता तू माजी साडी संभाळ."

आणि खरोखरच, माझा जुना पंजाबी ड्रेस घालून अक्का विहिरीच्या पायऱ्या उतरल्या, आणि माझा नवरा काठावर पाठ करून बसला. मांडीवर बहिणीची घडी घातलेली साडी.

आमच्याकडे शिकणाऱ्याच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. डबा तरंगतो, म्हणून माणूस बुडत नाही. पूर्वी पत्र्याचा असायचा, आता गोडेतेलाचा प्लास्टिकचा कॅन. रोज दुपारी नवरा तो बांधायचा, गाठ ओढून बघायचा आणि पाठ फिरवून बसायचा.

नाकात पाणी गेलं की अक्का माझ्या माहेरावर घसरायच्या.

"तुमच्या बेलापूरला असंच बुडवून मारत्यात का गं मानसं?"

पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार. पाय मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. मला तर तो बघून रडूच यायचं. पाण्यात होते म्हणून कुणाला कळलं नाही.

त्यांचं म्हणणं एकच. दवाखान्यात जायच्या आधी एकदा कॅनशिवाय, या पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत.

एका दुपारी नेहमीसारखा कॅन बांधून त्यांनी पायरी सोडली आणि सरळ जाऊन समोरच्या भिंतीला हात लावला. वळल्या. परत आल्या. मी शेजारीच पाण्यात होते, पण मला बोटसुद्धा लावावं लागलं नाही.

वर चढायला गेल्या तर चढता येईना.

"मंगल, मला मागनं कोन वढतंय गं?"

मी बघितलं. कॅनचं झाकण कधीच निघून गेलं होतं. कॅन पाण्याने गच्च भरलेला. तरंगणं सोडाच, त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"अक्का, तुम्ही कॅनशिवायच पोहलात की."

माझा नवरा पहिल्यांदाच वळला. हसत होता आणि डोळे पुसत होता, बहिणीच्याच साडीला.

अक्का मात्र पायरीवर बसल्या आणि मानेनेच नाही म्हणाल्या.

"हे धरायचं न्हाई. मला कुटं ठाव हुतं? ठाव असतं तर भ्याले असते, बुडाले असते. उद्या कॅन न बांधता उतरते. मग म्हन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यातून फोन आला.

ऑपरेशन. मग केमो. मग परत केमो. केस गेले, जेवण गेलं.

प्रत्येक वेळी त्या डॉक्टरांना विचारायच्या, "इहिरीत कवा उतरू?" डॉक्टर बिचारे म्हणायचे, "मावशी, आधी बऱ्या व्हा."

त्या बऱ्या झाल्या नाहीत.

परवा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज कुजबुजण्याइतकाच उरला होता.

"त्या दिशी मी खरंच पवले का गं? का तुमी दोगं माजं मन राखाया म्हनता?"

"पोहलात अक्का. देवाशपथ."

"मला काय कळलंच न्हाई बग."

एवढंच म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, कुणास ठाऊक. आज सकाळपासून तेच जीव खातंय.

हल्ली सगळे बकेट लिस्ट म्हणतात. लांब लांब जातात, फोटो टाकतात. जावं, मी नाही म्हणत नाही. अक्कांना हवी होती ती विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर होती. जन्मभर तिथेच होती.

बायांनो, तुमच्याही मनात असं काहीतरी असेल. अंगात बळ आहे तोवर उतरा. लोकांचं मी बघते.

अक्का, तुम्ही कधी कुणाचं ऐकलं नाहीत. आज एवढं ऐका.

कॅन भरलेला होता. मी तुम्हाला धरलं नव्हतं. कुणीच धरलं नव्हतं.

तुम्ही एकट्या पोहलात.

या आता. रडत रडत निरोप देतेय, गोड मानून घ्या.