फुगलेलं पीठ

सलग दोन रविवार माझा ब्रेड विटेसारखा निघाला. यीस्टला शिव्या घालून झाल्या, ओव्हनला घालून झाल्या. तिसऱ्या रविवारी मी अवचित स्वयंपाकघरात शिरले, तर सासूबाई फडकं बाजूला सारून फुगलेल्या पिठात मूठ दाबत होत्या.

"अक्का, हे काय चाललंय?"

"पीठ आंबी जातं, म्हनीसन दाबी दिनं," त्या शांतपणे म्हणाल्या.

धुळ्याच्या उन्हाळ्यात फुगलेलं पीठ म्हणजे वाया गेलेलं पीठ, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. पण समजून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. भांडं आपटलं आणि नवीन पीठ मळलं.

या वेळी भांड्याजवळ स्टूल टाकून बसले. अक्का समोरच भरतासाठी भाजलेली वांगी सोलत बसल्या. तासभर दोघी तिथंच. त्यांची नजर फडक्यावर, माझी त्यांच्या हातांवर.

ब्रेड कापसासारखा हलका झाला. भरीत भरलेलं पहिलं सँडविच मी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्यावर तळहात टेकवला, भाकरीसारखं चपटं होईपर्यंत दाबलं आणि मगच खाल्लं.

नंतर त्यांनी दुसरं मागितलं. ते मी स्वतःच दाबून दिलं.