सुलतानबीच्या कार्डावरचं पुस्तक

मी ज्या वाचनालयात कारकून होतो, तिथं एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. शनिवार पेठेतल्या बादशहाभाई शिंप्यांचं तेवढ्यावर भागेना, म्हणून त्यांनी बायकोलाही सभासद करून घेतलं. सुलतानबीला अक्षरओळख नव्हती. अर्जावर अंगठा उठवला. पण बाई खमकी. माझ्या कार्डावर माझंच पुस्तक येणार, असं तिनं नवऱ्याला बजावलं. तेव्हापासून भाई स्वतःला लढायांचा इतिहास न्यायचे आणि तिला दागिन्यांचा, नाहीतर कापडाचा. तिचं पुस्तक दुपारी जेवणानंतर मोठ्यानं वाचायचं. ती पडल्या पडल्या हुंकार द्यायची. हुंकार थांबला की बाई झोपली समजायचं आणि पान दुमडून पुस्तक मिटायचं. ती दुमडलेली पानं सरळ करता करता माझं डोकं उठायचं. भाईंना सांगून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुलतानबी गेली. मूलबाळ नव्हतं. चाळिसावा झाल्यावर भाई दोन्ही पुस्तकं आणि तिचं कार्ड परत करायला आले. नियमच तसा होता, मी ते ठेवून घेतलं. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी नवा आलेला तोफांचा इतिहास हातात घेतला. त्याची वाट ते दिवाळीपासून बघत होते. जाता जाता टेबलावर नजर गेली. तिचं दागिन्यांचं पुस्तक निम्म्यावर दुमडलेलं तसंच पडलं होतं. त्यांनी तेही उचललं. एक माझ्या कार्डावर न्या, असं मी म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या कार्डावर आपलं पुस्तक न्यायचं नाही, हे बायकोनं शिकवलेलं. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी माणूस दोन्ही हातांत दोन पुस्तकं धरून उभा. शेवटी तोफा कपाटात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेलो, तर भाई पायरीवर बसलेले. पुस्तक वाचून संपलं होतं आणि नवीन एकही पान दुमडलेलं नव्हतं. एवढं जाडजूड पुस्तक एका बैठकीत कसं संपवलं, असं मी चेष्टेनं विचारलं.

“मोठ्यानं वाचत बसलो, मास्तर,” ते म्हणाले. “हुंकार थांबला की मिटायची सवय हाय. आता हुंकारच न्हाय, तर थांबायचं कुठं?”