धाकटीवर चालत नाही

आमच्या ऑफिसात तिला सगळे नकारघंटा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम बनवतो. माणूस टाइप करतो, कॉम्प्युटर बोलतो. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही असो, आमचा प्रोग्रॅम चालणारच, असं साहेब गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतात. तो खरंच चालतो की नाही हे बघायचं काम तिचं. तिच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर वेगळी सिस्टिम. त्यांना तिने थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. थोरली सांगाल ते मुकाट्याने करायची, मधलीचे नखरे फार, आणि धाकटी कधी कशावरून अडून बसेल याचा नेम नसायचा. "धाकटीवर चालत नाही" हे वाक्य इतक्यांदा ऐकून झालं होतं, की ती खुर्चीतून नुसती उठली तरी प्रोग्रॅम लिहिणारे कपाळाला हात लावायचे.

मी शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांचे फोन घेते. तिच्या नजरेतून जे सुटतं ते माझ्या कानावर येऊन आदळतं. त्यामुळे तिची किंमत मला ठाऊक आहे, साहेबांना नाही.

तिचे बाबा बस कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या बाकावर घोरणारा माणूस दचकून उठायचा आणि तिकीट काढायचा. निवृत्त झाले आणि असा आजार मागे लागला, ज्यात जीभ हळूहळू लुळी पडत जाते. बोलता येत होतं तोवर तिने त्यांना माइकसमोर बसवून पानंच्या पानं वाचून घेतली. त्या रेकॉर्डिंगवरून आमच्या प्रोग्रॅमने त्यांचा आवाज तयार केला. पुढे जीभ पूर्ण गेली, तरी बाबा त्यांच्याच आवाजात बोलत राहिले. टाइप करायला वेळ लागायचा, पण चहात साखर कमी पडली की तावातावाने भांडायचेसुद्धा. त्यांचा कॉम्प्युटर तिच्या भावाने सुटे भाग जोडून बनवलेला. त्यावर धाकटीचीच सिस्टिम होती.

यंदा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार झाली. जुनी आवृत्ती माणसाचं सगळं सामान, म्हणजे त्याचा आवाज, तो ज्यावरून बनवला ते रेकॉर्डिंग, त्याची नेहमीची वाक्यं, एका जागी ठेवायची. नवीची जागा वेगळी. तेव्हा नवीने पहिल्यांदा उघडल्यावर जुन्या जागेवरचं सगळं उचलून नव्या जागी ठेवायचं आणि जुनी जागा झाडून टाकायची, असं ठरलं होतं. तिने तपासलं. तिन्हींवर चाललं. साहेब खूश झाले, पण हिचं समाधान होईना.

"आपण दरवेळी मशीन पुसून कोरं करतो आणि मग तपासतो," ती साहेबांना म्हणाली. "त्यावर जुनं सामान कुठलं, तर मीच टाकलेल्या चार फायली. माणसाने वर्षानुवर्षं वापरलेल्या मशीनवर बघायला हवं. निदान धाकटीवर तरी."

"तिन्हींवर चाललं ना?"

"चाललं, पण..."

"मग ठेव ती घंटा बाजूला. सोमवारी बाहेर जाऊ दे."

बाहेर जाणं म्हणजे नवी आवृत्ती घरोघरी आपली आपण बसणार. बसवू का, असं विचारायला कोणी येत नाही. वापरलेली धाकटी ऑफिसात नव्हती. तिच्या घरी होती, बाबांची.

रविवारी सकाळी तिने बाबांना विचारलं. "कर की," बाबांचा आवाज म्हणाला, "मी काय काचेचा आहे?"

तिने आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली. बिनप्रतीचं काम करणारी ती नव्हेच. पण प्रत ठेवली मूळ सामानाच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये. ऑफिसात ती रोज तसंच करायची. तिथे तपासणी झाली की मशीन पुसलंच जातं, प्रत लागते ती तेवढ्यापुरती. हाताला तीच सवय. मग तिने नवी आवृत्ती बसवली.

भावाने मागे कधीतरी त्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क जोडली होती आणि सामानाची नवी जागा नेमकी तिच्यावर आली. एका डिस्कवरचं उचलून दुसरीवर ठेवणं धाकटीला जमलं नाही. प्रोग्रॅमने ते कोणाला सांगितलंही नाही. उचलणं फसलं, झाडणं मात्र चोख झालं. आवाज गेला, मूळ रेकॉर्डिंग गेलं आणि प्रतही गेली.

मला तिचा फोन आला. "गेला गं," एवढंच म्हणत राहिली. मला आधी वाटलं बाबाच गेले.

डिस्क घेऊन ती त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे धावली. या जातीच्या डिस्कवर पुसलं की पुसलं, तो म्हणाला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. मग तिने नातेवाइकांचे फोन धुंडाळले, कुठे बाबांचं बोलणं सापडतंय का म्हणून. सगळ्या लग्नाकार्यांचे व्हिडिओ पालथे घातले. पण दिवसभर बसमध्ये ओरडणारा हा माणूस कॅमेरा दिसला की खांबासारखा उभा राहायचा. एका ठिकाणी "बंद कर ते" एवढं सापडलं. एवढ्यावर आवाज बनत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

सोमवारी ती कामावर आली. डोळे सुजलेले. उभी राहिली आणि म्हणाली, "धाकटीवर चालत नाही." नवी आवृत्ती थांबली. जेवणाच्या सुट्टीच्या आत चूक दुरुस्तही झाली. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हिच्यामुळे वाचलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातातला फोन साहेबांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

"किती जणांचे आवाज वाचवलेस तू," मी तिला म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"त्यांचे आवाज मी कधी ऐकलेत?" ती म्हणाली. "मी बाबांवर तपासलं गं." मग मान खाली घालून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याकडून तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. बाबा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. प्रोग्रॅमसोबत एक तयार आवाज येतो, आता त्यांना तोच लावला होता. स्वच्छ, गोड, कोणाचाच नसलेला आवाज. मला बघून ते हसले. मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ जाऊन बसले. ती चहा टाकत होती. बाहेर बराच वेळ कीबोर्डची टकटक चालली होती, मग तो आवाज आला, "ठमे, इकडे ये जरा."

घरात तिला ठमी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. ती जागची हलली नाही. हाक परत आली. तिने गॅस बारीक केला आणि मला विचारलं, "कोण आलंय गं बाहेर?"

बाहेर बाबांशिवाय कोणी नव्हतं.