लहान फळीवरचा नमस्कार

माझ्या मुलाला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी गावच्या तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात हात जोडून उभी होते.

यात विशेष असं काही नाही. माणूस कुठं ना कुठं उभा असतोच. पण आमचे हे प्रत्येक लग्नाच्या मांडवात ही गोष्ट चुकीची सांगतात. (त्यांच्या सांगण्यात मी ओरडत असते. मी ओरडत नव्हते, मी "बसा" म्हणत होते.) म्हणून एकदाची नीट लिहून ठेवते.

आधी महेशचं सांगते. महेश माझा एकुलता एक. तो गोव्याला समुद्रावर लोकांना शिडाच्या फळीवर उभं राहायला शिकवतो. म्हणजे कसं, की एक लांब फळी असते, तिच्या मधोमध काठी, काठीला शीड आणि शिडाला धरायला आडवी दांडी. शिडात वारा भरला की फळी माणसाला घेऊन पळते. पगार बरा आहे, राहायला खोली आहे. पण आमच्या पोंभुर्ण्याच्या आसपास या नोकरीला नाव नाही, आणि नाव नसलेल्या नोकरीला मुलगी कोण देणार!

"पोरगा काय करते जी?"

"फळीवर उभा राह्यते."

"अन् मंग?"

"मंग दुसऱ्याले उभं करते."

एवढं झालं की पाहुणा चहाची बशी खाली ठेवायचा आणि घड्याळाकडे बघायचा. एकानं तर विचारलं, "हे उभं राह्यनं परमनंट आहे का?"

त्यातली शेवटची सोयरीक मात्र नोकरीनं नाही, माझ्या तोंडानं मोडली. मुलीचा बाप अर्धाअधिक तयार होता. मी चहा देता देता दोन शब्द बोलले. महेश लहानपणी कोंबडीमागं धावताना शेणाच्या खड्ड्यात कसा पडला, ते सांगितलं. मग यांना आलापल्लीच्या जंगलात अस्वल कसं भेटलं, ते सांगितलं (हे जंगलखात्यात गार्ड होते). मग माझ्या पित्ताचं निघालं. पित्ताच्या मध्यावर पाहुण्यांची शेवटची बस गेली. ते बिचारे आमच्याकडे मुक्कामी राहिले, आणि नंतर त्यांनी आमचा फोन उचलणं सोडून दिलं.

पावसाळ्यात गोव्यातलं काम बंद असतं. त्या वर्षी महेश घरी आला तो टेम्पोत दोन फळ्या घालून. एक मोठी, शिकाऊ लोकांची, कोपरे उडालेली. दुसरी लहान. यांनी मोठीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, कान लावला आणि निकाल दिला.

"सागवान नाई हे. पोकळ आहे."

"बाबा, पोकळ आहे म्हणून तरंगते."

"सागवानबी तरंगते."

दोघंही आपापल्या खात्याच्या बाजूनं जेवण होईपर्यंत भांडले.

महेशचा बेत असा, की गावच्या मालगुजारी तळ्यात (जुन्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, बांधलेल्या) पोरांना शिकवायचं. पण गावात धानाची रोवणी चालू होती. दिवसभर चिखलात उभं राहून कंबर मोडलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा पाण्यात उभं राहायची हौस कुठून येणार? कुणी फिरकेना. महेशचं तोंड उतरलं. मग मीच म्हटलं, "चाल, मले शिकव." साठीच्या बाईला यांची जुनी खाकी पँट, कमरेला सुतळी, वरून तरंगायचं नारिंगी जाकीट! पहिल्या दिवशी गावातली कुत्री मला ओळखेनात.

पण मोठी फळी फार गुणाची निघाली. फळी कसली, बाजच ती! तिच्यावर मांडी घालून तांदूळ निवडता आले असते. पडत पडत मी उभी राहायला शिकले आणि उभी राहताच माझ्या लक्षात आलं, की हिच्यावर थांबता येतं. शीड पाण्यात आडवं टाकायचं, खाली बसायचं आणि बोलायचं. आता आमच्याकडची रीत अशी आहे, की वाटेत माणूस भेटलं आणि "कुठी चालली? जेवली का?" असं न विचारता पुढं गेलं, तर ते भांडणच धरतात. तळ्यावर तर सगळं गाव येतं. कुणी धुणं घेऊन, कुणी म्हशी घेऊन. मी प्रत्येकापाशी थांबायचे. शेजारची गिरजाबाई धुणं आपटता आपटता मला उकडलेल्या शेंगा द्यायची, आणि मी अर्धा अर्धा तास त्या फळीवर बसून शेंगा खायचे.

एक दिवस हीच गिरजाबाई म्हणाली, "काऊन वो बाई, ही फळी आहे का म्हातारी म्हैस? मी धुणं धुतलं, वाळवलं, घडी घातली, तुमी आपल्या तिथीच!"

हे मला लागलं. मी घरी येऊन महेशला म्हटलं, "आता मले लहान फळी पायजे."

"आई, लहान फळी येगळी असते. ते तुझं वजन उभ्यानं झेलत नाई. पळून राह्यली तवरच वर राह्यते. थांबली का बुडते."

"थांबायचं कायले?"

माझ्या तोंडून असं वाक्य महेशनं जन्मात ऐकलं नव्हतं.

लहान फळी म्हणजे बाजेवरून उतरून पाटावर बसणं नाही, पळत्या पाटावर उभं राहणं. पण जमलं. गुडघाभर पाण्यात फळी धरायची, शिडात वारा घ्यायचा, टुणकन वर चढायचं आणि सुटायचं. तळ्याच्या एका टोकापासून पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, कडेकडेनं थेट दुसऱ्या टोकाला. तिथं पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरायचं, फळी फिरवायची आणि परत. मध्ये थांबायची सोय नाही. गिरजाबाईला जाता जाता फक्त "जेव—" एवढं म्हणता यायचं आणि येताना "—ली का?"

अशात गडचिरोलीहून निरोप आला. मुलगी प्रणाली, दवाखान्यात नर्स. फोटोत हसरी. तिला म्हणे महेशच्या नोकरीचं काही वाटत नव्हतं, "रोज एवढे पडलेले लोक पाह्यते, एक उभं करणारा भेटू द्या," असं ती म्हणाली होती. पण तिची आई विमलाबाई मानापानाला फार कडक. एका घरी दारात पाय धुवायला पाणी ठेवलं नव्हतं म्हणून त्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या! महेशनं त्या फोटोकडे इतक्या वेळा बघितलं होतं, की ही सोयरीक गेली तर पोरगं पुन्हा कुणाचा फोटो हातात घेणार नाही, हे मला दिसत होतं.

यांनी मला आदल्या दिवशीच बसवून सांगितलं. "महेशच्या माय, उद्या 'या', 'बसा' अन् 'हो जी'. चौथा शब्द नाई पायजे."

"अन् अस्वलाचं?"

"अस्वल आलं का सोयरीक गेली."

पाहुणे दुपारी येणार होते. दुपारपासून गप्प राहायचं तर सकाळीच जरा बोलून घ्यावं, म्हणून मी तळ्यावर निघाले. महेश पेढे आणायला पोंभुर्ण्याला गेलेला. मोठी फळी घ्यायला गेले तर ती जागेवर नाही! यांनी अंगणात दोन स्टुलांवर ती आडवी ठेवून, वर नवी चादर घालून, तिचा पाहुण्यांसाठी सोफा केला होता. राहिली लहान. घेतली.

वारा छान होता. मी सुटले. आमच्या गावाला येणारा रस्ता तळ्याच्या पाळीवरून येतो. निम्म्यात आले तर पाळीवर एक गाडी उभी, आणि जरीकाठाच्या साडीतली एक बाई हात करून विचारते आहे, "ओ बाई! गार्डसाहेबाचं घर कुठी आहे जी?"

वाट विचारणाऱ्याला उत्तर न देणं आमच्यात पाप समजतात. मी म्हटलं, "पिंपळापासून—" आणि गेले पुढं!

दुसऱ्या टोकाला चिखलात फळी फिरवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. जरीकाठ. गडचिरोलीची गाडी. मागच्या काचेत तो फोटोतला चेहरा! पाहुणे सकाळीच आले होते आणि मी खाकी पँटमध्ये तळ्यात! घर गाठून साडी नेसायला हवी होती. पण या टोकाला बेशरमाच्या झुडपांचं रान आणि मांडीभर गाळ, चालत जायला वाटच नाही. घरी जायचा रस्ता एकच, पुन्हा पाहुण्यांच्या समोरून.

मान खाली घालून सुटले. पण अर्धं राहिलेलं वाक्य मला कुठं सुखानं जाऊ देतंय! समोर येताच म्हटलं, "—डावीकडे वळा!"

"आं? तुमी कोन?"

"मी त्यायची—" आणि पुन्हा पुढं!

आता उतरायचं टोक आलं. तिथं कुणाच्या तरी म्हशी पाण्यात बसलेल्या. त्यांनी शीड बघितलं, शिडानं त्यांना बघितलं आणि सगळ्या उठून माझ्याकडे चालू लागल्या. मी घाबरून उडी मारली, फळी फिरवली, चढले. आता गप गुमान दूर जावं तर वारा एकाच वाटेनं नेणारा. तिसरी फेरी!

तेवढ्यात हे टोपी घालत घालत पाळीवर पोचले होते. विमलाबाई त्यांना विचारत होत्या (मला पाण्यावरून अगदी स्वच्छ ऐकू येत होतं), "भाऊ, ते बाई कोन आहे जी? अर्धं बोलते अन् पळून जाते."

यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याच खाकी पँटकडे बघितलं. आणि म्हणाले, "असन कोनी. वळखत नाई मी."

बेचाळीस वर्षांचा संसार! पण रागवायला वेळ नव्हता, कारण मी समोर येत होते आणि विमलाबाईंनी, मानापानाच्या बाई त्या, अनोळखी का असेना, वडीलधारी बाई दिसते म्हणून मला नमस्कार करायला हात उचलले.

आता तुम्हीच सांगा. होणारी विहीण हात जोडते आहे आणि आपण दांडी धरून निघून जायचं? एका बाजूला महेशनं शिकवलेलं, दुसऱ्या बाजूला आईनं शिकवलेलं. मी दांडी सोडली आणि दोन्ही हात जोडले.

शीड पलीकडे पडलं. फळी जागच्या जागी थांबली. आणि मी सरळ, उभ्याची उभी, नमस्कार करत खाली जाऊ लागले. घोटे गेले, गुडघे गेले, सुतळी गेली. कंबरेला पाणी आलं तेव्हा मी म्हटलं, "या!" छातीला आलं तेव्हा म्हटलं, "बसा!" आणि यांनी ठरवून दिलेल्या तिनातले दोन शब्द संपल्यावर, पाणी गळ्याशी येता येता, माझ्याच्यानं राहवलं नाही. "मीच महेशची माय!"

यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

फळी कुठंतरी गेली. माझे पाय तळाला टेकले. जाकीट मला वर ओढत होतं, पँटमधलं पाणी खाली. मी हात जोडून तशीच. प्रणाली चपला काढून पाण्यात उतरली. "आई, पाय टेकले का?"

"टेकले."

"मंग वर काऊन येऊन नाई राह्यल्या?"

"तुझ्या मायनं नमस्कार पुरा कुठी केला!"

कारण विमलाबाईंचे हात अर्ध्यावरच थिजलेले होते. लेकीनं मागं वळून बघितलं, तेव्हा कुठं त्यांनी ते नीट जोडले, मान लववली, आणि मी तळ्याबाहेर आले.

पुढं घरी सगळे त्या चादर घातलेल्या मोठ्या फळीवर ओळीनं बसले. मी साडी नेसून आले, पण दातावर दात असे वाजत होते, की चहा देताना "हो जी" सोडून दुसरं काही फुटेना. पोरीच्या बापानं जंगलाचा विषय काढला. अस्वल अगदी ओठावर आलं! पण दातांनी वाट दिली नाही. महेश पेढे घेऊन आला, त्यानं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शीड फाटलं का?" (आईचं नंतर.)

चहा झाल्यावर विमलाबाई यांना म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगू? आमच्या कानावर आलं होतं का पोराची माय लय बोलते, पाहुण्याची बस चुकवते. लोकं कायबी सांगतात! दोनदा समोरून गेल्या बिचाऱ्या, एक वाक्य पुरं बोलल्या नाई. अन् नमस्कारासाठी तर बुडाल्या. अशी सासू कुठी भेटते?"

पेढे वाटले गेले. लग्न झालं. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझे दात वाजायचे थांबले.

सूनबाई गुणाची आहे. कोंबडी ऐकली, अस्वल तीनदा ऐकलं, पित्त अगदी मुळापासून ऐकलं. पहिल्या दिवाळीला महेशबरोबर गोव्याहून आली ती माझ्यासाठी भलंमोठं लांबट गाठोडं घेऊन. मी हरखून सोडलं.

आत फळी होती. आधीच्या लहान फळीपेक्षाही लहान.

"आई," सून पाया पडत म्हणाली, "हे रोज सकाळ-संध्याकाळ घेत जा."