दोन बोटं वर राहिलेला गज

एस्टिल कोम्ब्सची बंदूक त्याच्या वडिलांची. ठासणीची. नळी झिजली की आतून नव्याने कोरून घ्यायची, असं दोनदा झालेलं. त्यामुळे भोक वाढत वाढत अंगठा जाईल एवढं झालं होतं आणि नळीची भिंत पातळ. असल्या नळीतली गोळी खारीला लागली तर हातात शेपूट तेवढं उरतं. म्हणून केंटकीच्या त्या डोंगरात मोठ्या भोकाचा माणूस खारीवर नेम धरत नाही. ती ज्या फांदीला चिकटलेली असते, तिच्या पोटाखालची साल फोडतो. तडाख्याने खार मरून पडते, अंगावर ओरखडा नसतो. एस्टिलला हे चौऱ्याहत्तराव्या वर्षीही जमत होतं.

जमत नव्हतं ते चढणं. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला आधाराचे खिळे मारले, छाती धुळीने भरली. आता तीस पावलं, मग थांबा. शिवाय गेल्या महिन्यात शेगडी पेटती ठेवून तो चर्चला गेला होता. मुलगी वनेडा त्याच्याचकडे राहायची. तिने आरडाओरडा केला नाही. पुन्हा असं काही विसरलात तर बंदूक घरातून जाईल, एवढंच बजावलं. बंदूक गेली की डोंगर गेला, हे एस्टिलला कळत होतं. नुसतं फिरायला म्हणून तो आयुष्यात कधी डोंगरात गेला नव्हता.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी हिकरीच्या झाडावर त्याने पहिल्याच बाराला एक खार पाडली. मग नळीत दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली. एवढ्यात खोकल्याची उबळ आली. बंदूक झाडाला टेकवून तो गुडघ्यांवर वाकला. बराच वेळ गेला. डोळे पुसून उठला तेव्हा वर दुसरी खार फळाचं कवच कुरतडत होती. बंदूक भरायची राहिलीय असं समजून त्याने पुन्हा दारू ओतली, गोळी ठासली.

गज थांबला. गजावर एक खाच होती. बार नीट बसला की ती नळीच्या तोंडाशी येते. आज ती दोन बोटं वर होती.

त्याने गज आणखी दाबून पाहिला. हलला नाही. दोन बार, आणि पातळ नळी. चाप ओढणं शक्य नव्हतं. गजाच्या टोकाला गोळीत रुतणारं मळसूत्र लावून त्याने गोळी ओढायचा प्रयत्न केला. तीन ओढींत डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरची खार निवांत खात राहिली.

मग कॉर्बेटकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. कॉर्बेट त्याच्या बायकोचा भाऊ. बायको वारली, तरी 'दाजी' ही हाक राहिली. त्याच्या शेडमध्ये वस्तू आवळून धरणारा लोखंडी शेगडा होता आणि अंगात जोर होता. पण जिभेला हाड नव्हतं. एस्टिल एकदा जेवणाचा डबा न घेताच खाणीत उतरला होता, ते कॉर्बेट अजून दर लग्नात सांगायचा.

"एका खारीला दोन बार?" सगळं ऐकून कॉर्बेट म्हणाला. "दाजी, तुम्ही खार मारायला गेला होता की आगगाडी थांबवायला?"

"ओढून दे. आणि वनेडाला कळता कामा नये."

"सांगणार नाही. पण खारीचा रस्सा मला पाठवायचा. मागच्यासारखं नुसतं मुंडकं नको."

हसत हसत त्याने बंदूक हातात घेतली, शेगड्यात आवळली, नळीच्या तोंडाकडे जायला निघाला आणि थांबला. मागे आला. अंगठ्याने घोडा उचलला. खाली टोपी होती. ती त्याने नखाने काढली, फळीवर ठेवली.

एस्टिलने ते पाहिलं. खोकल्याआधी बसवलेली, अजून न उडालेली टोपी. तिच्यावरच त्याने दुसरा बार ठासला होता. तशीच घेऊन डोंगर उतरला होता.

कॉर्बेटने मळसूत्र फिरवलं, एक पाय शेगड्याला लावला आणि अंग मागे टाकलं. पहिली गोळी दोन ओढींत आली, दुसरी पाचांत. घाम पुसून त्याने काळी दारू कागदावर झटकली, नळी कोरडी केली, बंदूक शेगड्यातून काढून पुढे केली. तरीही एकही टोमणा नाही.

"बोल ना," एस्टिल म्हणाला. "डब्यावरून तीस वर्षं बोलतोयस."

कॉर्बेटने त्याच्याकडे बघितलं नाही. "नळीवर वाकणार होतो मी, दाजी."

एस्टिलने पुढे केलेली बंदूक घेतली नाही. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग गळ्यातून काढलं, शेगड्याशेजारी ठेवलं. कॉर्बेट म्हणाला, बार मी भरून देत जाईन, दोघं मिळून जाऊ. एस्टिल म्हणाला, बघू. खार घेऊन तो घरी निघाला. वाट सपाट होती, तरी चारदा थांबावं लागलं.

वनेडा पीठ मळत होती. खार बघून खूश झाली. मग त्याच्या खांद्याकडे लक्ष गेलं.

"बंदूक कुठंय, बाबा?"

"कॉर्बेटकडे ठेवली."

"का? काय बिघडलं तिचं?"

खोटं बोलायला जागा होती. कॉर्बेटही त्यात साथ देणार होता.

"तिचं काही नाही बिघडलं," एस्टिल म्हणाला. खुर्ची ओढून बसला आणि खोकल्यापासून टोपीपर्यंत सगळं, काही न वगळता, तिला सांगितलं.