हळू न बोलणारा उमेदवार

कोल्हापुरात गुपित टिकत नाही हे खरं. पण माझ्या शाळेतल्या बाकमित्राचं गुपित थेट पन्हाळ्यावर ऐकू जातं. हळू बोलणं त्याला जमतच नाही. वर्गात तो माझ्या कानात उत्तर सांगायचा, ते आधी मास्तरांना कळायचं आणि छडी मला मिळायची. आपल्याला मुलगे आवडतात, हेही त्यानं 'कुणाला सांगू नको' असं बजावत मिसळीच्या दुकानात सांगितलं. साऱ्या टेबलांवरचे घास वाटेत थांबले. शेवटी मालक म्हणाला, "बरं, मग कट वाढू न्हवं?" तो तिखटजाळ रस्सा त्यानं घेतला, ठसका मला लागला. संध्याकाळी बातमी तालमीत पोचली. तिथले वस्ताद म्हणजे याचे वडील, आबा. त्या दिवसापासून आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढं तो स्वतःसारख्यांच्या हक्कांसाठी मोर्चे काढू लागला आणि एक दिवस महापालिकेला उभा राहिला. प्रचारप्रमुख मी, म्हणजे निकाल तिथंच लागला होता! दारोदारी बायका ओवाळायच्या आणि विचारायच्या, "लगीन कवा करतोस?" मी मागून शर्ट ओढेपर्यंत हा गरजलेला असायचा, "काकी, चांगला पोरगा असला तर सांगा की!" एका काकीनं खरंच डोकं खाजवलं. म्हणाली, "हाय एक, पर त्यो लई पितोय." माझी कर्तबगारी अशी, की मी आणलेली प्रचाराची रिक्षा नेमकी आबांच्या दारात बंद पडली आणि 'आपल्या घरचा माणूस!' असं दुपारभर ओरडत राहिली. अखेर आबा बाहेर आले आणि एकट्यानं रिक्षा ढकलत गल्लीच्या टोकाला सोडून आले.

तो पडला, पण त्याच्यावर पिक्चर निघाला. पहिल्या खेळाला त्यानं शेजारची खुर्ची आबांसाठी धरून ठेवली होती. "येत्यात बघ," तो म्हणाला; पाच रांगांनी मागं वळून पाहिलं. पिक्चर संपत आला तरी खुर्ची रिकामीच. पडद्यावरचे आबा पडलेल्या मुलाला मिठी मारून रडू लागले, तेवढ्यात मागच्या दाराशी आवाज गरजला, "खोटं हाय! मी कवा मारलीती मिठी?"

हा मागं न वळता ओरडला, "मग आता मारा की, आबा!"

मिठीबिठी काही झाली नाही. आबा अंधारात चाचपडत आले, माझ्या पायावर पाय देऊन त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पिक्चर बघू दे." मग माझा मित्र त्यांच्याकडे झुकून काहीतरी बोलला. मी पलीकडेच कान टवकारून बसलो होतो. पण जन्मात पहिल्यांदाच तो इतकं हळू बोलला, की मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.